ज्याच्या त्याच्या नावाची गाडी

“दौलत, गाडीला हात लावशील तर याद राख,” गुरुजी म्हणाले. डावा हात त्यांनी छातीवर दाबून धरला होता आणि उजव्या हातानं ओसरीचा खांब. कपाळावर घाम डबडबला होता, चेहऱ्यावर रंग म्हणून उरला नव्हता.

“गुरुजी, गाडी दारात हुबी हाय. नुसतं आत बसायचं.”

“गाडी कुणाची आहे?”

“गावाची.”

“चूक,” गुरुजी म्हणाले. चौथीत मी सोळाचा पाढा चुकलो तेव्हाही ते अगदी असंच म्हणाले होते, आणि तेव्हाही बरोबर तेच होते.

गावातल्या कंपाउंडरनं त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली होती. त्याच्या पेटीत छातीच्या दुखण्यावर तेवढंच होतं. त्यानं मला अंगणात ओढून नेलं आणि सांगितलं, “हार्टचं दिसतंय. तालुक्याला न्या, आनि आडवं करून न्या, बसवून न्हाई. दुपार करून नेलासा तर मला बोलवू नका. मग ज्येला बोलवायचं त्येला बोलवा.”

गुरुजींच्या बायको, आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो, उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. “अवो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “जीव जायला लागलाय तुमचा.”

“जीव माझा आहे,” गुरुजी म्हणाले, “टायर माझे नाहीत.”

हे त्रांगडं काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमचं धामणटेक घाटाच्या माथ्यावर. दवाखाना घाटाखाली, तालुक्याला. माणूस अडला की बैलगाडी, नाहीतर दुधाचा टेम्पो, नाहीतर देवाची मर्जी. रुग्णवाहिका घ्यायची हे गावाला कळत होतं, पण वर्गणी म्हटली की हात खिशात जायचे ते खिसा धरायला. कारण त्याआधी समाजमंदिरासाठी वर्गणी झाली होती. त्या समाजमंदिराचा पाया देवळामागं दिसत होता आणि दुसरा मजला त्या वेळच्या समितीच्या अध्यक्षाच्या घरावर. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, आमचं गाव त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलं.

तेव्हा इंगवले गुरुजी पुढं झाले, गाडीच्या नव्या समितीचे अध्यक्ष म्हणून. हेडमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि शाळेचा खडू खिशात राहिला तर दुसऱ्या दिवशी सही करून परत करणारा माणूस. पहिल्याच सभेत ते म्हणाले, “देणगीदारांची यादी मी चावडीवर लावीन.”

“यादी कागदावर असती,” मागून कुणीतरी म्हणालं, “आनि कागद आमी लई बघितल्यात.”

गुरुजींनी विचार केला. आमच्या भागात दिलेल्या वस्तूवर नाव घालायची रीत आहे. देवळाची घंटा, शाळेचं घड्याळ, मसणवट्यातलं बाकडं, सगळ्यावर कुणाचं ना कुणाचं नाव. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत. पंखा चालू असताना ती वाचता येत नाहीत, पण वीज आमच्याकडं एवढी जायची की सगळ्यांची पाठ झाली होती. गुरुजींनी हीच रीत शेवटापर्यंत नेली. ज्याच्या पैशातून गाडीचा जो भाग येईल त्या भागावर त्याचं नाव रंगवायचं. केव्हाही या, आपला पैसा डोळ्यांनी बघा, हातानं चाचपा.

सभा खूश झाली. पण आमचं गाव खूश होऊन गप्प बसणारं नव्हे. दुसरा उठला. “वस्तू दिसंल, गुरुजी. पन ती वापरली कशाला, त्ये कसं दिसनार?”

गुरुजी म्हणाले, “ज्या कामाला दिलीत ते कामही नावाखाली रंगवू. त्याच कामाला ती वस्तू लागेल, दुसऱ्या नाही. माझा शब्द.”

मग काय, पैशाचा पाऊस पडला. जुनी गाडी घेतली, तिचा एकेक भाग नवा घातला आणि रंगाऱ्यानं महिनाभर बसून ती रंगवली. शेजारच्या गावची माणसं ती वाचायला यायची. बॅटरीवर होतं, ‘श्रीमती हौसाबाई लोहार यांजकडून, साप व विंचू चावलेल्यांसाठी.’ चारी टायरांच्या वर पत्र्यावर होतं, ‘टायर धामणटेक दूध संस्थेकडून, फक्त सभासदांसाठी.’ हॉर्नवर, ‘रंगराव बेंजोवाले, बाळंतिणीसाठी.’ न्हावी शिताराम गंभीर माणूस. त्यानं वायपर दिले आणि अट घातली, ‘पावसात वापरावे.’ त्या अटीवरून मात्र कधी भांडण झालं नाही.

चालक म्हणून मला ठेवलं. गाडीवर माझं काहीच नव्हतं. किल्लीसुद्धा गुरुजींच्या बंडीच्या आतल्या खिशात असायची. पहिल्या सहा-सात महिन्यांत गाडी मोजून तीनदा निघाली, कारण माणसाला आजारी पडण्याआधी सगळ्यांच्या अटीत बसावं लागे. जो बसत नसे त्याच्यासाठी गुरुजींनी सोय केली होती. देणगीदारानं स्वतः यायचं, रोग्यासमोर, दोन साक्षीदारांसमोर, आणि ‘या वेळेपुरती माझी अट वाढवतो’ असं तोंडानं म्हणायचं.

आता गुरुजी स्वतः रोगी होते.

“बरं, कुणाकुणाला आनू?” मी विचारलं.

“चार अटी अडतात. बॅटरी, टायर, हॉर्न, स्ट्रेचर. बाकीच्यांच्या अटीत मी बसतो.”

“तुमास्नी कसं म्हाईत?”

“पहाटे दुखायला लागलं तेव्हाच गाडीभोवती फिरून वाचून आलो.”

माईंनी तांब्या दणकन खाली ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. एकदा आम्ही दोघांनी मिळून गुरुजींना उचलायचा प्रयत्न केला. त्यांनी खांबाला अशी मिठी मारली की खांब येईल, गुरुजी येणार नाहीत.

“दौलत,” ते दम खात म्हणाले, “आज माझ्यासाठी नियम मोडला तर उद्या गाव म्हणेल, गुरुजीपण त्यातलाच. परवा कुणी या गावात एक पैसा देणार नाही. मग पुढच्याला कुठली गाडी? मी गेलो तर एक माणूस जाईल. पळ.”

मला त्यांचा राग आला. रडूही आलं. मी पळालो.

हौसाबाई जवळच राहायच्या. त्यांना मी जवळजवळ उचलूनच आणलं. म्हातारी काठी टेकत अंगणात उभी राहिली, गुरुजींकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, “काय चावलं?”

“काही नाही चावलं, हौसाबाई,” गुरुजी म्हणाले. “छातीत दुखतंय. तुमच्या अटीत बसत नाही.”

“आतनं चावलं म्हनायचं. न्या.”

“तसं चालणार नाही. दोन साक्षीदारांसमोर म्हणावं लागेल, की मी अट...”

“गुरुजी,” म्हातारी म्हणाली, “माझं पोर बैलगाडीतनं न्हेलं तवा साक्षीदार पन्नास हुते. बैलगाडीच्या मागनं चालत हुते सगळे. गाडी तेवढी न्हवती.”

तिचा एकुलता एक मुलगा साप चावून घाटातच गेला होता. तिच्या बॅटरीवर दुसरी अट असूच शकत नव्हती, आणि ती अट तिनं आम्ही विचारायच्या आत सोडून दिली होती. कंपाउंडर आणि मी साक्षीदार झालो. गुरुजींनी मान हलवली. “बॅटरी झाली,” ते म्हणाले. “टायर.”

भैरू पाटील दूध संस्थेचे चेअरमन. माणूस मायाळू. गुरुजींना बघून त्यांचे डोळे भरून आले, पण चेअरमनपदाचंही ओझं असतं.

“गुरुजी, कसं सांगू तुमास्नी,” ते म्हणाले, “तुमच्या घरचं दूध दिवाळीपासनं डेअरीत न्हाई. म्हस इकलासा तवाच तुमचं सभासदत्व ग्येलं. पोटनियम तुमीच लिवून दिल्यात.”

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. एवढ्या दुखण्यातही त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

“अट वाढवा की मग,” मी म्हणालो.

“माझ्या एकट्याचे टायर न्हाईत, बाबा. साडेतीनशे सभासदांचे हायत. सर्वसाधारण सभा घ्याय लागंल. नोटीस काढाय लागंल.” चेअरमननी डोकं खाजवलं. मग चेहरा उजळला. “असं करू. गुरुजी, डेअरीत एक लिटर दूध घाला. सभासद म्हणून पुन्हा नाव चढवतो. सभासद झालासा की टायर तुमचे.”

“म्हैस नाही माझ्याकडं.”

“पोटनियमात दूध लागतंय, म्हस न्हाई.”

गुरुजींनी डोळे मिटून पोटनियम आठवला. “बरोबर,” ते म्हणाले. “पण दूध विकत घेतलेलं पाहिजे. उसनं नको.”

माईंनी घरातून पैसे आणून माझ्या हातात कोंबले. मी शेजारच्या घरातून लिटरभर दूध घेतलं आणि डेअरीकडं धूम ठोकली. फॅट काढणारा क्लार्क डबा खाऊन हात धुवत होता. त्यानं दूध घुसळलं, नळी उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. “पाणी हाय ह्यात. फॅट बसत न्हाई.”

“माणूस मरायला लागलाय तिकडं.”

“मग चांगल्या म्हशीचं आन.”

मी तसाच परत पळत आलो. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, “पाणी असलेलं दूध माझ्या नावावर चढवायचं नाही.” आणि त्या शेजाऱ्याच्या घराकडं असं बघितलं की दुखणं बाजूला ठेवून त्याला बाकावर उभं करतील.

आता गावातल्या सगळ्यात चांगल्या म्हशी चेअरमनच्याच. पण सकाळची धार निघून गेलेली, भलत्या वेळी म्हैस पान्हावेना. चेअरमन पटका काढून म्हशीखाली बसले. त्यांची बायको सरकी घेऊन म्हशीच्या तोंडाशी, मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतोय. गुरुजींचा जीव त्या घटकेला पुरता एका म्हशीच्या मनावर होता, आणि म्हैस रवंथ करत होती. चेअरमन तिला काय काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही. आधी विनवण्या होत्या, मग माहेरचा उद्धार झाला, मग पुन्हा विनवण्या. शेवटी चरवीत एक बारीक धार वाजली. लिटर भरलं तेव्हा चेअरमनच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पैसे दिले, त्यांनी घेतले, कारण घेतले नसते तर गुरुजींनी दूध नाकारलं असतं.

फॅट बसली. गुरुजी सभासद झाले.

“हॉर्न,” गुरुजी म्हणाले. आता त्यांचा आवाज पुसट झाला होता. ते खांबाला टेकून बसले होते आणि माई त्यांना पदरानं वारा घालत होत्या.

रंगराव बेंजो पार्टी घेऊन लांबच्या गावी लग्नाला गेला होता. “हॉर्न वाजवत न्हाई,” मी म्हणालो. “गुरुजी, तुमची शपथ. डोस्कं खिडकीतनं भाईर काढून वरडत जातो.”

त्यांनी विचार केला. “चालेल.”

मी आणि चेअरमननी गाडीतून स्ट्रेचर काढून ओसरीवर आणलं. त्याची चाकं ओसरीच्या फरशीवर खडखडली. कंपाउंडर म्हणाला, “चला, घ्या वर.” गुरुजी म्हणाले, “थांबा. उलटं करा.”

“स्ट्रेचर?”

“नाव खालच्या बाजूला आहे.”

स्ट्रेचरवर काय रंगवलंय ते गावात कुणी वाचलेलं नव्हतं. वरून गादी होती, आणि खाली वाकून बघायला माणूस तिथं धडधाकट कधी नसे. आम्ही ते उलटं केलं. खाली पांढऱ्या, सुबक अक्षरात होतं, ‘श्री. इंगवले गुरुजी यांजकडून. समितीचे पदाधिकारी व त्यांचे कुटुंबीय सोडून सर्वांसाठी.’

चेअरमननी ते दोनदा वाचलं. “गुरुजी, समितीचे अध्यक्ष तुमीच.”

“होय.”

“मग तुमीच अट वाढवा. देणगीदार तुमीच, आमी साक्षीदार. एका वाक्याचं काम.”

“स्वतःच्या फायद्यासाठी?” गुरुजी म्हणाले. “अध्यक्षानं स्वतःसाठी नियम वाकवायचा? मग समाजमंदिरवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?”

“बसवून न्हेऊया,” मी म्हणालो.

“आडवंच न्यायला पायजे,” कंपाउंडर म्हणाला.

“खाली वाकळ टाकतो, वाकळंवर झोपा.”

“गाडीत जमीन नाही रिकामी. टूलबॉक्स आहे, तो ग्रामपंचायतीचा, ‘जागेवरून हलवू नये.’” त्यांनी तेही वाचून ठेवलं होतं.

चेअरमन खाली बसले. कंपाउंडरनं नाडी धरली आणि सोडून दिली. मग गुरुजींचा खांबावरचा हात आपोआप सुटून मांडीवर पडला. त्यांनी तो परत खांबाकडं न्यायचा प्रयत्न केला, पोचला नाही. मला वाटलं, झालं. हा माणूस आपल्याच सचोटीत बुडून मरणार, आणि आम्ही काठावर साक्षीदार म्हणून उभे.

माईंनी वारा घालायचं थांबवलं.

“ह्ये स्ट्रेचर कशाच्या पैशातनं आलं?” त्या म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे उघडले. “तुला माहीत आहे.”

“मला हाय म्हाईत. ह्यास्नी सांगा.”

“म्हशीच्या.”

“कुनाच्या म्हशीच्या?”

“घरच्या.”

“घरच्या न्हवं. माझ्या.” माईंचा आवाज चढला नव्हता. त्या रोज तांदूळ निवडताना बोलत तशाच बोलत होत्या. “माझ्या भावानं दिली हुती. एवढीशी रेडी. मी वाढीवली. तिची वैरण मी, शेण मी, तिच्या पोटात रेडकू आडवं आलं तवा रातभर गोठ्यात मी. तुमी तिला एक दिस पेंडी टाकली न्हाई. एक दिवशी बाजाराला न्हेलीसा. संध्याकाळी येऊन सांगितलंसा, चांगल्या कामाला दिली. मला इचारलं हुतं?”

गुरुजींच्या ओठांची हालचाल झाली. त्यांना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसावा. आणि खरं सांगायचं तर त्यांना उत्तर चुकवता येत नव्हतं, तसा त्यांना सरावच नव्हता.

“नाही,” ते म्हणाले.

“आनि पावती कुनाच्या नावावर फाडली?”

“माझ्या.”

“नाव कुनाचं रंगिवलं?”

“माझंच.”

“म्हंजे चूक हाय का न्हाई? ह्या सगळ्यांच्या म्होरं सांगा.”

चेअरमन आपल्या वहाणांकडं बघत होते. हौसाबाई काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते छातीतल्या दुखण्याचं नव्हतं.

“चूक आहे,” ते म्हणाले. “देणगीदार तू आहेस.”

“मग माझी अट ऐका.”

“पण तू माझी कुटुंबीय... पदाधिकाऱ्याची कुटुंबीय...”

“म्हस इकताना न्हवते व्हय?”

गुरुजी गप्प झाले. मी त्यांना वर्गात, सभेत, कलेक्टरसमोर बघितलं होतं. त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदाच बघत होतो.

“सांगा, माई,” चेअरमन म्हणाले. “स्ट्रेचर कुनासाठी?”

“पडंल त्याच्यासाठी.”

“एवढंच?”

“आनि काय असतंय?” माई म्हणाल्या. त्यांनी गुरुजींच्या बंडीच्या आतल्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मग नवऱ्याला म्हणाल्या, “झोपा.”

गुरुजी झोपले.

मी गाडी काढली. ती गाडी इतक्या वेगानं मी आधी कधी चालवली नव्हती, नंतरही नाही. घाटाच्या प्रत्येक वळणाला डोकं बाहेर काढून ‘सरका, सरका’ म्हणून ओरडत होतो. म्हशी सरकल्या, माणसं सरकली. वळणावळणाला लोकांना वाटत असणार, या गाडीतला चालकच वेडा झालाय, त्यालाच नेतायत.

मागे माई गुरुजींच्या उशाशी बसल्या होत्या. ओरडण्यातून जेवढी उसंत मिळे तेवढं मला ऐकू येत होतं. दोन वळणं मागं पडली. मग गुरुजी म्हणाले, “आणखी काय काय घेतलंय मी तुझं?”

“पडून ऱ्हावा.”

“सांग. न विचारता घेतलेलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“माझा लग्नातला शालू,” त्या म्हणाल्या. “शाळंच्या नाटकात राणीला नेसवाया न्हेलासा. परत आला त्यो शाई सांडून.”

“बरोबर. पुढं.”

“पयल्या पगाराची साडी आनतो म्हनालासा. शाळंला घड्याळ आनलंसा. अजून ऐकते मी त्ये घड्याळ. तासाला टोले देतंय.”

“बरोबर.”

“माझी आई ग्येली. बाराव्याला जाऊ दिलं न्हाईसा. शाळंचा इन्स्पेक्टर जेवाय यायचा हुता.”

या वेळी ‘बरोबर’ आलं नाही. मी आरशातून मागं बघितलं. गुरुजींनी माईंचा हात धरला होता आणि तोंड पलीकडं केलं होतं. मग ते म्हणाले, “इन्स्पेक्टर आलाच नाही त्या दिवशी.”

“न्हाई आला.”

“मी विसरलो होतो.”

“मी न्हाई.”

अर्धा घाट उतरलो तेव्हा गुरुजींचा आवाज बंद झाला. मागून एक चापटी ऐकू आली, जोराची. “झोपायचं न्हाई,” माई म्हणत होत्या. “उघडा डोळं. अजून लगीन झाल्यालं पयलं वरीस संपलं न्हाई. पुढचं ऐका.”

“ऐकतोय,” गुरुजी म्हणाले.

आणि त्यांनी ऐकलं. घाट संपला, उसाचे मळे लागले, नाका आला, तरी माई सांगत होत्या. शेरभर तूप, पितळेची परात, माहेरची एक दिवाळी, दुसरी दिवाळी, थोरलीच्या बारशाचं ठरलेलं नाव, जे ऐन वेळी यांनी बदललं. रागानं बोलत नव्हत्या त्या. एकेक वस्तू उचलून पुसून पुढं ठेवावी तसं चाललं होतं. प्रत्येक गोष्टीला गुरुजी ‘बरोबर’ म्हणत होते, कधी मोठ्यानं, कधी नुसते ओठ हलवून. मला मागं बघायची लाज वाटायला लागली, मी ओरडण्याकडं लक्ष दिलं.

दवाखान्याच्या दारात तिथली कामाची पोरं धावत आली. त्यांनी स्ट्रेचर खाली घेतलं आणि ढकलत नेऊ लागली. गुरुजींनी माईंचा पदर मुठीत पकडला होता, तो सुटेना. एका नर्सनं त्यांची बोटं सोडवायला घेतली.

“राहिलेलं?” गुरुजी म्हणाले.

“राह्यलेलं भाईर आल्यावर,” माई म्हणाल्या. “हितंच बसते मी.”

मग त्यांनी मूठ सोडली. पोरं त्यांना आत घेऊन गेली आणि दार लागलं.

माई दाराशेजारच्या बाकावर बसल्या. मी चहा आणू का म्हणून विचारलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “मधी बोलू नको, दौलत. इसरंल माझं.” त्यांनी मांडीवर हात पालथा ठेवला आणि अंगठ्यानं एकेक पेर मोजायला लागल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या त्यांनी पुसल्या नाहीत. एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हाताची घेतली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. देवाला मागावं असं मला फार सुचत नाही, पण त्या दिवशी मी एवढं मागितलं की या बाईचा हिशेब मोठा असू दे.

ऊन कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, गोंधळलेले दिसत होते.

“इंगवल्यांचं कोण?”

माई उठल्या.

“धोका टळलाय असं वाटतं. त्यांनी झोपून राहायला हवं, पण ऐकत नाहीत. सारखं एकच विचारतायत, दुसरं वर्ष कुठपर्यंत आलं.” डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग माईंकडं. “तुम्हाला काही कळतंय का?”

माईंनी तोंड पुसलं, पदर खोचला आणि आत गेल्या.